पट्टा कुणाचा, दंड कुणाला?

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनांवरील दोघे मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक होते टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री. मागे बसलेल्या दोघांनीही आसनपट्टे, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सीट-बेल्ट, बांधलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. या घटनेनंतर चाळीस दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी फर्मान काढले की १ नोव्हेंबरपासून मोटारीतील चालकाबरोबरच सर्व प्रवाशांनीही पट्टा बांधला पाहिजे. ज्या गाड्यांत मागे पट्टे नाहीत त्यांच्या मालकांनी ते तोवर बसवून घ्यावेत.

नियम नवा नव्हता. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८व्या नियमात मागच्या आसनांचा उल्लेख २०२२च्या पूर्वीपासूनच होता. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा तेही मागच्याच आसनावर होते, आणि त्या वेळच्या केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी मागील आसनावरील पट्ट्याचा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. त्यानंतर आठ वर्षे गेली. मोठ्या नावाचा माणूस दगावला की सरकारला नियम आठवतो, नाकाबंदी होते, फलक लागतात, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे येतात आणि काही महिन्यांनी सारे पूर्ववत होते. हा क्रम महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. म्हणून अशा मोहिमेविषयी दोन प्रश्न शांतपणे विचारले पाहिजेत. तिने काय साधले हे कशावरून ठरवायचे? आणि तिचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो? पहिल्या प्रश्नाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. दुसरा तर बहुधा विचारलाच जात नाही.

चलानांची बेरीज

आपल्याकडे अशा मोहिमांचा हिशेब चलानांच्या संख्येत दिला जातो. अमुक दिवसांत इतक्या हजार जणांवर कारवाई, इतके लाख रुपये दंड वसूल, अशी पत्रके निघतात. परंतु या संख्येवरून काहीच सिद्ध होत नाही. पोलीस अधिक संख्येने रस्त्यावर उतरले तर चलाने वाढतात, आणि लोक अधिक बेशिस्त झाले तरीही वाढतात. मोहीम पूर्ण यशस्वी झाली, सर्वांनी पट्टे बांधले, तर चलाने शून्यावर येतील आणि वार्षिक अहवालात ती मोहीम अपयशी दिसेल. जे माप यशाच्या वेळी खाली उतरते आणि अपयशाच्या वेळीही खाली उतरू शकते, त्याला माप म्हणता येत नाही.

मृत्यूंच्या आकड्यांचेही तसेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार पट्टा न बांधलेल्या स्थितीत देशात २०२१ साली १६,३९७ माणसे मरण पावली आणि २०२२ साली १६,७१५. यावरून मुंबईच्या मोहिमेविषयी कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही. मोहीम एका शहरातली, वर्षाच्या अखेरच्या दोन महिन्यांतली. त्यातच २०२१ साली काही काळ टाळेबंदीमुळे रस्ते ओस होते. शिवाय हे १६,७१५ जण पट्टा बांधला असता तर सारेच वाचले असते असेही नाही. पट्ट्यामुळे मृत्यूचा धोका जास्तीत जास्त निम्म्याने कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे वाचू शकणाऱ्यांची संख्या फार तर आठ हजारांच्या आसपास भरेल. आठ हजार माणसांचे प्राण ही काही थोडी गोष्ट नव्हे. पण सोळा हजारांचा आकडा फलकावर लिहून मोकळे होणे म्हणजे हिशेब नव्हे.

मग माप कोणते? ते अगदी साधे आहे. चौकात उभे राहायचे आणि येणाऱ्या शंभर मोटारींपैकी कितींमधील माणसांनी पट्टे बांधले आहेत ते मोजायचे. मोहिमेपूर्वी मोजायचे, मोहीम चालू असताना मोजायचे आणि ती संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे. ज्या शहरात मोहीम नाही अशा एखाद्या शहरातही त्याच दिवसांत मोजायचे, म्हणजे बदल मोहिमेमुळे झाला की अन्य कारणाने हे कळते. या पद्धतीने केलेल्या मूल्यमापनाचे एक उत्तम उदाहरण चार दशकांपूर्वीच्या अमेरिकेत सापडते.

एल्मायराचा धडा

त्या उदाहरणाची पार्श्वभूमी समाजवादी विचाराच्या वाचकाने जरूर ध्यानात घ्यावी. मोटारींत हवेच्या पिशव्यांसारखी आपोआप काम करणारी संरक्षक साधने बसवण्याची सक्ती करावी की नाही, यावर अमेरिकेत सरकार आणि मोटार उद्योग यांच्यात बरीच वर्षे झगडा चालला होता. जुलै १९८४ मध्ये तेथील वाहतूकमंत्री एलिझाबेथ डोल यांनी एक तोड काढली. उद्योगाने टप्प्याटप्प्याने अशी साधने बसवावीत. मात्र देशाच्या दोन तृतीयांश लोकसंख्येच्या राज्यांनी १ एप्रिल १९८९पूर्वी पट्टासक्तीचे कायदे केले, तर ही सक्ती रद्द होईल. परिणाम उघड होता. जो उद्योग सुरक्षिततेच्या सक्तीला कडाडून विरोध करीत होता, तोच राज्याराज्यांत पट्ट्याच्या कायद्यासाठी पैसा ओतू लागला. कारखानदाराच्या खर्चाने होणारी सुरक्षितता टाळण्यासाठी नागरिकाच्या शिस्तीने होणारी सुरक्षितता पुढे करण्यात आली. अखेर ठरलेल्या मुदतीत दोन तृतीयांशांची अट पुरी झाली नाही आणि हवेच्या पिशव्याही आल्या, ही गोष्ट वेगळी.

न्यूयॉर्क हे असा कायदा करणारे पहिले राज्य. १ डिसेंबर १९८४ पासून कायदा लागू झाला आणि १ जानेवारी १९८५ पासून दंड सुरू झाला. आरंभी पट्ट्यांचा वापर झपाट्याने वाढला, पण पोलीस फारसे काही करीत नाहीत हे ध्यानात येताच तो ओसरू लागला. तेव्हा १९८५च्या शरद ऋतूत त्या राज्यातील एल्मायरा या लहानशा शहरात तीन आठवड्यांची मोहीम घेण्यात आली. पोलीस पट्टे तपासणार आहेत हे लोकांना आधी सांगण्यात आले आणि मग पोलिसांनी खरोखरच तपासले. प्रसिद्धी आणि अंमलबजावणी यांची सांगड हे या मोहिमेचे वैशिष्ट्य होते. त्याचबरोबर रस्त्यावरची मोजणीही पद्धतशीर झाली. मोहिमेपूर्वी ४९ टक्के लोक पट्टा बांधत होते. मोहिमेअखेर हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. चार महिन्यांनी मोजले तेव्हा ते ६६ टक्क्यांपर्यंत घसरले होते. १९८६च्या वसंतात स्मरण देण्यापुरती मोहीम पुन्हा घेतली, तेव्हा ते ८० टक्क्यांवर पोहोचले.

या चार आकड्यांतून जे शिकता येते ते हजार चलानांतून शिकता येणार नाही. लोक दंडाच्या रकमेपेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीला अधिक मान देतात, हा अर्थशास्त्रातला जुना सिद्धांत येथे दिसतो. मोहिमेचा परिणाम टिकत नाही, तो झिजतो. परंतु पूर्ण पुसलाही जात नाही. आणि ठरावीक काळाने थोडा जोर लावला तर गेलेली जमीन पुन्हा मिळते. अर्थात एकदाच मोठा गाजावाजा करण्यापेक्षा वर्षातून दोन-तीन वेळा, आधी सांगून केलेली छोटी मोहीम अधिक फलदायी ठरते. आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त करून पट्टा न बांधण्याचा दंड शंभर रुपयांवरून एक हजारावर नेण्यात आला. दंड दसपट झाला, पण पकडले जाण्याची शक्यता किती पटीने वाढली? हा प्रश्न संसदेत किंवा बाहेर कुणी गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. रक्कम वाढवण्यास एका ओळीची दुरुस्ती पुरते. खात्री वाढवण्यास माणसे, शिस्त आणि सातत्य लागते.

ब्रिटनने दोन्ही बाजू मोजल्या

ब्रिटनचा अनुभव आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. तेथे १९७०च्या दशकात दूरचित्रवाणीवरून पट्ट्याचा प्रचार वर्षानुवर्षे चालला. तरी चाळीस टक्क्यांच्या आसपासच लोक पट्टा बांधत राहिले. ३१ जानेवारी १९८३ रोजी पुढच्या आसनांसाठी सक्ती लागू झाली आणि हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. निव्वळ उपदेशाची मर्यादा याहून स्पष्टपणे दिसणे अवघड आहे. परंतु लक्षात घेण्याजोगी बाब निराळीच आहे. व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने होणारा विरोध तीव्र असल्यामुळे संसदेने हा कायदा प्रथम तीन वर्षांपुरताच केला होता. त्या मुदतीत त्याचा परिणाम तपासायचा आणि मग तो कायम करायचा की नाही हे ठरवायचे, अशी योजना होती. जेम्स डर्बिन आणि अँड्र्यू हार्वे या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती तपासणी केली. चालक आणि पुढील प्रवासी यांच्या मृत्यूंत व गंभीर दुखापतींत ठळक घट झाल्याचे त्यांना आढळले. त्याचबरोबर पादचारी आणि सायकलस्वार यांच्या मृत्यूंत काही वाढ झाल्याचेही त्यांनी नोंदवले.

ही वाढ कशामुळे झाली हा वाद पुढे बराच रंगला. पट्टा बांधलेला चालक निर्धास्त होऊन अधिक बेदरकारपणे गाडी हाकतो आणि धोका रस्त्यावरच्या दुबळ्या माणसाकडे सरकतो, असे भूगोलज्ञ जॉन ॲडम्स यांचे म्हणणे होते. अनेकांना ते पटले नाही आणि १९८६ साली कायदा कायम झाला. त्यांचा सिद्धांत ग्राह्य धरण्याची गरज नाही. पण हिशेबाच्या वहीत मोटारीबाहेरच्या माणसाचेही पान असले पाहिजे, एवढे तत्त्व त्यातून घेण्यासारखे आहे. भारतात तर ते पान सर्वांत जाड आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. दर तीन मृतांतील जवळजवळ दोघांना बांधण्यासाठी पट्टाच नव्हता. हेल्मेट न घातलेल्या स्थितीत मेलेल्यांची संख्या ५०,०२९, म्हणजे पट्टा न बांधलेल्यांच्या तिप्पट, होती.

यावरून काही कार्यकर्ते असे म्हणतील की पट्टा हा मोटारवाल्यांचा प्रश्न आहे, श्रमिकांच्या पक्षाने त्यात वेळ का दवडावा? हा युक्तिवाद वरवर प्रभावी असला तरी चुकीचा आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या शब्दांतच आहे.

दंड चालकालाच

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९४-ब या कलमाचा आशय असा की जो स्वतः पट्टा न बांधता वाहन चालवील, किंवा पट्टा न बांधलेल्या प्रवाशांना वाहून नेईल, त्याला एक हजार रुपये दंड होईल. हे वाक्य सावकाश वाचले पाहिजे. पट्टा बांधण्यास नकार देणारा प्रवासी या वाक्यात गुन्हेगार नाही. गुन्हेगार आहे तो त्याला वाहून नेणारा. मागे बसलेला सज्ञान, शहाणासुरता गृहस्थ पट्टा झिडकारतो आणि पावती फाटते पुढे बसलेल्याच्या नावाने.

मोटारीचा मालक स्वतः गाडी चालवीत असेल तर यात फारसे बिघडत नाही. पण मुंबईच्या टॅक्सीचालकाचे काय? हजार रुपये ही त्याची दिवसभराची मिळकत असू शकते. मागे तीन प्रवासी दाटीवाटीने बसलेले असतात, गाडी जुनी असेल तर पट्टे आसनाच्या खोळीखाली दबलेले असतात किंवा नसतातच. त्याने आग्रह धरला तर गिऱ्हाईक उतरून दुसऱ्या टॅक्सीत बसते. त्याने आग्रह धरला नाही तर चौकात हवालदार उभा असतो. २०२२च्या फर्मानाला टॅक्सीचालकांच्या संघटनांनी हरकत घेतली तेव्हा त्यांच्यावर बेशिस्तीचा शिक्का मारणे सोपे होते. त्यांची खरी अडचण समजून घेण्याचे कष्ट थोड्यांनीच घेतले. पगारी ड्रायव्हरची स्थिती तर याहून बिकट. ज्याच्या हातून महिन्याचा पगार घ्यायचा त्या शेठला “साहेब, पट्टा बांधा” असे तो एकदा सांगू शकेल, दोनदा सांगू शकेल. तिसऱ्यांदा सांगणे त्याच्या नोकरीत बसत नाही.

आणि विरोधाभास असा की मागच्या माणसाने पट्टा बांधला नाही तर धोकाही पुढच्यालाच आहे. धडकेच्या क्षणी मागचा न बांधलेला देह पुढच्या आसनावर जाऊन आदळतो. पुढच्याने स्वतःचा पट्टा बांधला असला तरी या आघातापासून त्याचे रक्षण होत नाही. पट्टा न बांधलेल्या स्थितीत २०२२ साली मेलेल्या १६,७१५ जणांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. या चालकांपैकी किती जण चरितार्थासाठी गाडी चालवीत होते हे अहवाल सांगत नाही. परंतु ट्रक, टेम्पो, जीप आणि टॅक्सी चालवणाऱ्यांचा हा देश आहे. हा प्रश्न मोटारवाल्यांचा आहे असे म्हणणाऱ्यांनी प्रथम चालकाच्या आसनाकडे पाहावे.

कायदा करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. कॅमेऱ्याने टिपलेले चलान गाडीच्या क्रमांकावर जाते. प्रवाशाला क्रमांक नसतो, परवाना नसतो. त्याला शोधायचे कसे? ही अडचण खरी आहे, पण तिचे उत्तरही अस्तित्वात आहे. ब्रिटनमध्ये चौदा वर्षांखालील मुलांची जबाबदारी चालकावर असते आणि मोठा प्रवासी स्वतःच्या पट्ट्यास स्वतः जबाबदार असतो. तेथील पोलिसांना हे साधते, तर नाकाबंदीत गाडी थांबवून मागच्या माणसाला समोरासमोर विचारणे मुंबईच्या पोलिसांना अशक्य का असावे? प्रशासनाच्या सोयीसाठी दंडाचा भार दुबळ्यावर ढकलणे हा काही न्याय नव्हे. याच कलमात राज्य सरकारला काही वर्गांतील वाहने वगळण्याची मुभा आहे. पण टॅक्सी वगळणे हा उपायही खरा नाही, कारण मग टॅक्सीतल्या प्रवाशाचे रक्षणच वगळल्यासारखे होईल. गरज आहे ती जबाबदारीची जागा बदलण्याची.

कारखाना, बाजार आणि पूल

दंडाच्या कक्षेबाहेर आणखी काही जण आहेत. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी यांनी पट्टा न बांधल्यास घंटा वाजण्याची सोय सक्तीची झाली. मागच्या आसनांसाठी तशा घंटेचा सरकारी मसुदा निघाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, मिस्त्री यांच्या मृत्यूनंतर. दरम्यान बाजाराने आपली कर्तबगारी दाखवली होती. पट्ट्याच्या खाचेत अडकवून घंटा गप्प करणारी धातूची चकती राजरोस विकली जात होती. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा अशा तेरा हजारांहून अधिक जाहिराती हटवाव्या लागल्या. जीव वाचवणारी घंटा बंद पाडण्याचे साधन बाजारात इतके सहज मिळत असेल, तर दोष एकट्या नागरिकाच्या निष्काळजीपणाचा कसा?

पुलाचेही तसेच. सूर्या नदीवरील त्या ठिकाणी रस्ता अरुंद होतो आणि पुलाचा कठडा रस्त्यात आलेला आहे, असे अपघातानंतर पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी दाखवून दिले होते. मोहिमेच्या फलकावर मात्र पट्टाच राहिला. अमेरिकेतल्या १९८४च्या तोडीत जे घडले त्याचीच ही लहान आवृत्ती आहे. नागरिकाला शिस्त लावणे स्वस्त पडते, कारखान्याला आणि बांधकाम खात्याला शिस्त लावणे महाग पडते. तरीसुद्धा याचा अर्थ पट्टा निरर्थक आहे असा काढता येणार नाही. स्वीडिश अभियंता निल्स बोलिन याने १९५९ साली घडवलेल्या या तीन टोकांच्या पट्ट्याचे पेटंट त्याच्या कंपनीने इतर कारखानदारांसाठी खुले ठेवले. नफ्याच्या व्यवस्थेतही समाजाच्या मालकीचे होऊन गेलेले असे थोडेच शोध असतात. तो नाकारण्यात शहाणपणा नाही. त्याच्या आडून इतरांना सुटू न देणे हे काम आहे.

काय मागायचे, काय करायचे

मागण्या मोजक्याच आहेत. १९४-ब कलमात दुरुस्ती करून सज्ञान प्रवाशाचा दंड प्रवाशाकडूनच वसूल व्हावा. मोटार वाहने हा विषय समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्यालाही राष्ट्रपतींच्या संमतीने ही वाट मोकळी आहे. जुन्या टॅक्सींत मागचे पट्टे बसवण्याचा खर्च वसूल झालेल्या दंडातून व्हावा. प्रत्येक मोहिमेपूर्वी आणि मोहिमेनंतर रस्त्यावरची मोजणी सक्तीची असावी आणि तिचे आकडे, चांगले असोत वा वाईट, प्रसिद्ध व्हावेत. पट्ट्याच्या मोहिमेवर जेवढा पैसा आणि मनुष्यबळ खर्च होईल, त्याहून अधिक पदपथ, ओलांडण्याच्या जागा आणि वेगाचे नियंत्रण यांवर व्हावे, कारण मृतांचे प्रमाण तसे सांगते.

पण मागण्यांची पत्रके काढून थांबण्याचे कारण नाही. मोजणीला सरकारची परवानगी लागत नाही. एखाद्या चौकात दोन कार्यकर्ते वही-पेन्सिल घेऊन तासभर उभे राहिले तर पुरे. एकाने पुढची आसने पाहावीत, दुसऱ्याने मागची. खाजगी मोटारी आणि टॅक्सी यांची नोंद वेगळी ठेवावी. पोलिसांची मोहीम जाहीर झाली की तिच्या आधीच्या आठवड्यात, मग तिच्या मध्यावर आणि पुन्हा चार महिन्यांनी त्याच चौकात, त्याच वेळी मोजावे. टॅक्सीचालकांच्या संघटनेला या कामात सोबत घ्यावे, कारण प्रवासी काय बोलतो आणि हवालदार कुणाला थांबवतो हे तिच्या सभासदांइतके कुणालाच ठाऊक नाही. अशा नोंदींची एक वही घेऊन पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात गेलेल्या शिष्टमंडळाला चलानांची संख्या सांगून परत पाठवणे कठीण जाईल. आणि “दंड टॅक्सीवाल्यालाच का?” हा प्रश्न त्या वहीसकट विचारला, तर त्याचे उत्तर कुणाला तरी द्यावेच लागेल.